काही लागले तर सांगा

(मालेगावातील एका घरात २०२३ साली आलेल्या आजारपणाची ही हकिकत आहे. ती सांगणाऱ्या बाई उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतात. घरातील माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.)

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू. मराठीत ‘कर्करोग’ असा एक शब्द आहे. ‘कर्क’ म्हणजे खेकडा. तुमच्या उर्दूत या रोगाला ‘सरतान’ म्हणतात, आणि सरतान म्हणजेही खेकडाच! ‘कॅन्सर’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ विचाराल, तर तोही खेकडा. फार पूर्वी ग्रीस देशातील वैद्यांनी हा रोग पाहिला. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. म्हणून त्यांनी हे नाव ठेवले आणि पुढे ते भाषेतून भाषेत गेले.

इतक्या भाषांत नाव असूनही आपल्याकडे ते कोणी घेत नाही. ‘तिला तो मोठा आजार झाला आहे,’ एवढेच दबक्या आवाजात सांगतात. हा रोग स्तनात झाला असेल, तर मग बोलायलाच नको. ‘स्तन’ हा शब्द वाचून आताही तुमच्यापैकी काही जणांनी मान खाली घातली असेल. घालू नका. डोळा, हात, काळीज यांच्यासारखाच तो शरीराचा एक अवयव आहे. त्याचे नाव घ्यायचे कसे, या संकोचात त्या घरातले चार महिने गेले.

मला हे कसे कळले, ते सांगते. डिसेंबर महिना होता. नववीच्या वर्गाला मी पत्रलेखन दिले होते. विषय नेहमीचाच : ‘मामांना पत्र लिहून सहामाही परीक्षेचा निकाल कळवा.’ रात्री मी वह्या तपासत होते. सगळ्यांचे मामा सारखे आणि सगळ्यांचे निकाल सारखे. एका वहीत मात्र असे पत्र होते :

‘प्रिय मामूजान यांना सलाम. मला मराठीत ६८ गुण मिळाले. गणितात कमी आहेत. मामू, अम्मीच्या छातीत गाठ आहे. अम्मी म्हणते, कोणाला सांगू नको. मी कोणाला सांगू? मामीजानना सलाम. तुमची भाची.’

पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या मी तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत थांबवले. ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, “बाई, पत्र खरं नाही ना पाठवायचं, म्हणून लिहिलं.” संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. शाळेतील उर्दूच्या मिसना सोबत घेतले, कारण अशी गोष्ट आपल्या घरच्या भाषेत बोलणे सोपे जाते.

मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे गाव. त्या गल्लीत मागांची खटखट इतकी होती, की दारात उभे राहून बोललेले आत ऐकू जात नव्हते. मुलीचे अब्बा माग चालवतात. अम्मी घरी बसून कांड्या भरतात. आम्ही गेलो तेव्हाही त्यांचा हात थांबला नाही. गाठ त्यांना ऑगस्टमध्ये अंघोळ करताना लागली होती. “दुखत नव्हती,” त्या म्हणाल्या. “दुखत नाही, ते कशाला दाखवायचं?” कोणीतरी लेप दिला होता. तो त्या दोन महिने लावत होत्या. आणखी थोडा वेळ बसलो, तेव्हा खरी कारणे बाहेर आली. दवाखान्यात पुरुष डॉक्टर असेल तर? पैसे कुठून आणायचे? आणि उद्या मुलीच्या लग्नाच्या वेळी लोक म्हणतील, ‘हिच्या आईला ते होतं.’

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्तनातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बऱ्याच गाठी साध्या असतात. पण कोणती साधी आणि कोणती वाईट, हे घरी चाचपून ठरवता येत नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच ती फसवते. काखेत गाठ येणे, स्तनावरची त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागणे, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, याही डॉक्टरांना दाखवण्याच्या गोष्टी आहेत. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा अंदाज आहे. क्वचित तो पुरुषांनाही होतो.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून एक मोठा अभ्यास झाला. त्यात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यांपैकी निम्म्या भागांत प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येत आणि हाताने तपासणी करत. यंत्र नाही, मोठे डॉक्टर नाहीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या भागांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. एका बाईने दुसऱ्या बाईला वेळेवर हात लावून पाहिले, एवढेच तिथे घडले होते.

आता त्या घराकडे परत जाऊ. त्या रात्री अम्मींनी स्वतःच अब्बांना सांगितले. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चार महिने मी याच घरात होतो ना?” सकाळी ते कामावर न जाता त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला गेला. “सुई टोचली की रोग पसरतो,” असे गल्लीत एका आजींनी सांगितले होते. ते खोटे आहे. तपासल्याशिवाय औषध ठरवणार कसे? आठवड्याने अहवाल आला. रोग कर्करोगच होता.

डॉक्टरांनी मुंबईला जाण्याचा सल्ला दिला. मालेगावला रेल्वे नाही, हे तुम्हांला ठाऊक असेल. एस.टी.ने मनमाड आणि तेथून गाडीने दादर, असा प्रवास. परळला १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. देशभरातून रुग्ण तेथे येतात. तपासण्यांना दिवस लागतात. तोवर राहायचे कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परगावचे रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसे तेथे राहतात. हातात खराटा घेतलेल्या गाडगेबाबांचा धडा तुम्ही वाचला असेल. अम्मींना त्यांचे नावही माहीत नव्हते. मुलीने आपल्या मराठीच्या पुस्तकातून त्यांना ते सांगितले.

त्या धर्मशाळेत सोलापूरकडच्या एक बाई भेटल्या. त्यांचे उपचार संपले होते आणि त्या तपासणीसाठी आल्या होत्या. अम्मींना मराठी मोडकेतोडके येते, त्यांना हिंदी त्याहून कमी. तरी त्या शेजारी येऊन बसल्या. डोक्यावरचा पदर बाजूला करून म्हणाल्या, “बघा, माझे सगळे गेले होते. आता चार बोटं वाढलेत.” अम्मी नंतर मला म्हणाल्या, “डॉक्टर खरं बोलत होते, पण माझा विश्वास त्या केसांवर बसला.”

असे काम अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईंनी १९५२ साली सुरू केले होते. त्यांची स्वतःची शस्त्रक्रिया झाली होती. बऱ्या झाल्यावर त्या तशाच रुग्ण स्त्रियांना रुग्णालयात जाऊन भेटू लागल्या. पुढे त्यांचे हे काम अनेक देशांत पोहोचले. सोलापूरच्या बाईंना लॅसरबाई ठाऊक नसणार. त्याची गरजही नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये किमोथेरपी सुरू झाली. लोक तिला नुसते ‘किमो’ म्हणतात. शिरेतून औषध देतात. दर एकवीस दिवसांनी एकदा, असे आठ वेळा घ्यायचे होते. पहिली मात्रा मुंबईत, पुढच्या नाशिकला. पहिल्या चार वेळा लाल रंगाचे औषध होते. त्यामुळे एखादा दिवस लघवीही लालसर होते. हे आधी सांगितलेले नसेल, तर माणूस घाबरतो. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात. पण केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आत आणि हाडांच्या मगजात असलेल्या चांगल्या पेशीही भराभर वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात.

बातमी गल्लीत पसरली. माणसे येऊ लागली. जो तो उठताना एकच वाक्य म्हणे, “काही लागलं तर सांगा हं.” मीही तेच म्हणाले होते, हे कबूल करते. एके दिवशी मुलगी मला म्हणाली, “बाई, सगळे सांगा म्हणतात. पण कोणाला काय सांगायचं? खालाजानला सांगू, की आमची भांडी घासा?”

व्याकरणाच्या तासाला आपण जर-तरची वाक्ये शिकतो. ‘पाऊस पडला तर पीक येईल.’ पाऊस पडला नाही, तर पीक येत नाही. ‘लागले तर सांगा’ हे तसलेच वाक्य आहे. त्यात सगळे काम आजारी माणसावर टाकलेले असते. त्याने गरज ओळखायची, संकोच सोडायचा आणि तोंड उघडायचे. दमलेल्या माणसाला हे जमत नाही.

समोरच्या घरातल्या फुफी जर-तर जाणत नसत. त्या आल्या आणि म्हणाल्या, “सोमवारी आणि गुरुवारी तुमचे कपडे मी धुणार. बादली दाराबाहेर ठेव.” बस्स. त्या दोन दिवशी बादली बाहेर जाई आणि कपडे वाळून घडी होऊन येत. मुलीला यावरून कल्पना सुचली. तिने वहीच्या शेवटच्या पानावर एकवीस चौकोन आखले आणि किमोच्या दिवसापासून मोजून तारखा टाकल्या. आता कोणी ‘सांगा’ म्हणाले, की ती वही पुढे करी. कोणी दोन दिवसांची डाळ-रोटी लिहून घेतली. कोणी धाकट्या भावाला शाळेत सोडण्याचे. अब्बांच्या साथीदारांनी त्यांची पाळी वाटून घेतली, म्हणजे नाशिकच्या दिवशी माग बंद राहणार नाही आणि मजुरी बुडणार नाही. वर्गातल्या मैत्रिणीने गणिताच्या वहीचे काम घेतले. भागातील आशाताईंनी कागदपत्रांचे घेतले. रेशनकार्ड, आधारकार्ड, अहवाल एका पिशवीत लावून त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मंजूर करून घेण्यासाठी खेपा घातल्या. रेल्वेच्या भाड्यात रुग्णाला व सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते, हेही त्यांनीच सांगितले. मी दर शनिवारी तांदळाची पेज नेऊ लागले. तोंड आलेले असताना तिखट जात नाही.

सगळे असे सरळ झाले, असे मात्र समजू नका. एक नातेवाईक बाई आल्या आणि त्यांनी या घरातला चहा घेतला नाही. कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. कर्करोग लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने तो कोणाला होत नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत. पण दादी कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या उठल्या. अम्मींच्या पुढचा अर्धा राहिलेला कप त्यांनी उचलला आणि सगळ्यांसमोर संपवला. सासू-सुनेचे एरवी फारसे पटत नसे, असे मुलगी सांगते.

केस गळायला तिसऱ्या आठवड्यात सुरुवात झाली. अम्मी डोक्यावर ओढणी घेत, त्यामुळे बाहेर कोणाला दिसले नाही. घरात मात्र सहा वर्षांच्या धाकट्या भावाने एक दिवस ते पाहिले. तो रडला नाही. तो अम्मींजवळ जाईनासा झाला. दूर झोपू लागला. सगळ्यांना वाटले, भ्याला. खूप विचारल्यावर त्याने आपाला सांगितले. पावसाळ्यात खेळताना त्याचे कोपर अम्मींच्या छातीला जोरात लागले होते. तेव्हापासून त्याला वाटत होते, की हे सारे आपणच केले.

त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. ‘लहान आहे, त्याला काय कळते’ असे म्हणून सगळे त्याच्यासमोर गप्प राहत. लहान मुलांना काही सांगितले नाही, की ती स्वतः कारण शोधतात आणि ते कारण बहुधा आपल्यातच शोधतात. अम्मींनी त्याला मांडीवर घेतले आणि रोगाचे नाव सांगितले. मार लागल्याने, कोपर लागल्याने हा रोग होत नाही, हेही सांगितले. त्याने तीन वेळा तेच विचारले आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिले.

मार्चमध्ये रमजान आला. अम्मींनी लहानपणापासून रोजे सोडले नव्हते. आजारी माणसाला सवलत आहे, हे तुम्ही जाणताच. त्याही जाणत होत्या. तरी सर्वांचे रोजे चालू असताना औषधासाठी पाण्याचा पेला तोंडाला लावणे त्यांना किमोपेक्षा जड गेले. त्या सेहरीला मात्र उठून बसत. रोट्या दुसरे कोणी करी. त्या नुसत्या बसत.

याच महिन्यात एका रात्री त्यांना हुडहुडी भरली. किमोला दहा दिवस झाले होते. मुलीकडे ताप पाहण्याचे काम होते. तापमापक १०१ दाखवत होता. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा तिने भिंतीवर लिहून ठेवला होता : १००.४. किमो चालू असताना ताप याच्या वर गेला, तर सकाळची वाट पाहायची नाही, घरची गोळी देऊन झोपवायचे नाही, सरळ रुग्णालयात जायचे. पांढऱ्या पेशी कमी असतात, त्यामुळे साधा जंतूही जिवावर उठतो. अब्बा रात्रपाळीला होते. पहाटेचे साडेतीन वाजले होते. एरवी त्या वेळी गल्लीत चिटपाखरू नसते. पण रमजान होता. घराघरांत दिवे होते आणि चुली पेटल्या होत्या. मुलगी दारात येऊन ओरडली. रिक्षावाले चाचा हातातला घास ठेवून आले. फुफी सोबत बसल्या. पाच दिवस रुग्णालयात इंजेक्शने घेऊन अम्मी घरी आल्या. त्यानंतर मुलीने दारावर उर्दूत आणि मराठीत एक कागद लावला : ‘सर्दी-खोकला असेल, तर कृपया आत येऊ नका. खिडकीतून बोला.’ माणसे खिडकीतून बोलू लागली. त्यातही गंमत होती, असे अम्मी म्हणतात.

शस्त्रक्रिया जुलैत झाली. डावा स्तन काढावा लागला. प्रत्येकीचा काढावा लागतोच, असे नाही. गाठ लहान असताना आले, तर पुष्कळदा फक्त गाठ काढून भागते. घरी आल्यावर अम्मींचा हात खांद्यापर्यंतही जात नव्हता. त्यांना व्यायाम सांगितला होता. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढायचे. धाकटा भाऊ शेजारी उभा राहून आपलीही बोटे चढवी आणि अम्मींची बोटे जिथवर पोहोचली, तिथे पेन्सिलीने रेघ ओढी. भिंत खराब झाली. कोणी त्याला रागावले नाही.

पुढे तीन आठवडे किरणोपचार होते. शनिवार-रविवार सोडून रोज काही मिनिटे, आणि त्यासाठी मुंबईत राहायचे. धुळ्याच्या खाला सोबत गेल्या. हे किरण बाहेरच्या यंत्रातून येतात आणि शरीरात मागे राहत नाहीत. त्यामुळे घरी परतल्यावर धाकटा त्यांच्या कुशीत झोपला, तरी काही बिघडत नव्हते. तो पहिल्याच रात्री झोपला.

मुलगी तेव्हा दहावीत होती. ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा पत्रलेखन दिले. या वेळी पत्र खरोखर पोस्टात टाकायचे, असे सांगितले. तिने मामांना लिहिले : ‘अम्मीचे केस दोन बोटे वाढले. कुरळे आले आहेत. आधी सरळ होते. ती पुन्हा कांड्या भरते, पण पाण्याची कळशी डाव्या हाताने उचलत नाही. रोज रात्री एक गोळी आहे, पाच वर्षे. आठवण करण्याचे काम भावाकडे आहे. तो नऊ वाजता ओरडतो. तुम्ही ईदला याल, तेव्हा सगळे सांगेन. गणितात आता ५४ आहेत.’

स्वाध्याय

१. मुलीने पहिल्या पत्रात मामांना काय विचारले? ते पत्र तिने का लिहिले?

२. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्याऐवजी तुम्ही कोणती वाक्ये बोलाल? तीन वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्यात वार किंवा वेळ आली पाहिजे.

३. ‘गाठ’ या शब्दाचे वेगवेगळे अर्थ शोधा : दोरीला गाठ मारणे, मित्राची गाठ पडणे, स्टेशन गाठणे. प्रत्येकाचे एक वाक्य करा व त्याला उर्दूत काय म्हणतात ते लिहा.

४. धाकटा भाऊ अम्मींपासून दूर का झोपू लागला? त्याच्या जागी तुम्ही असता, तर कोणाला सांगितले असते?